विश्वाच्या ‘आधी’ काय होतं? इस्लामी विचारवंतांनी दिलेली उत्तरं

यमनहून आलेल्या काही लोकांनी मुहंमद पैगंबरांना विचारलं, या सगळ्याची सुरुवात कशी झाली? उत्तर मिळालं: अल्लाह होता, त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं; त्याचं सिंहासन पाण्यावर होतं; त्याने प्रत्येक गोष्टीची नोंद लिहिली आणि आकाशं व पृथ्वी निर्माण केली. हा प्रसंग सांगणारे इम्रान इब्न हुसैन तिथेच बसले होते. त्यांनी आपली सांडणी दाराशी बांधली होती. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, तुझी सांडणी सुटली! इम्रान उठून धावले. सांडणी इतकी लांब गेली होती की मध्ये मृगजळ दिसत होतं. पुढे ते म्हणत, गेली असती तर जाऊ द्यायची होती, मी तिथून उठायलाच नको होतं.

बुखारींच्या हदीस-संग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, हा प्रसंग आहे, आणि तो एकाहून अधिक पाठांत आला आहे. एका पाठात शब्द आहेत ‘त्याच्याशिवाय काही नव्हतं’, दुसऱ्यात ‘त्याच्या आधी काही नव्हतं’. भरभर वाचलं तर दोन्ही सारखंच वाटतं, पण ते तसं नाही. पहिल्या वाक्यात एकटा अल्लाह आहे आणि बाकी सगळं नंतरचं आहे. दुसऱ्या वाक्यात एवढंच म्हटलंय की अल्लाहच्या आधीचं काही नाही; त्याच्याबरोबर काही होतं की नव्हतं, याबद्दल ते वाक्य गप्प आहे.

विश्व अल्लाहमुळे आहे, याबद्दल या लेखातल्या एकाही विचारवंताला शंका नाही. वाद आहे तो ‘आधी’ या शब्दाचा. काळसुद्धा निर्माण केलेला असेल, तर निर्मितीच्या ‘आधी’ म्हणजे नेमकं कधी? हा एक प्रश्न हातात धरून ठेवला की बाकीची अवघड पुस्तकं बरीच सोपी होतात.

कुरआनात काय आहे

कुरआनात निर्मितीची कथा एका ठिकाणी, सलग सांगितलेली नाही. ती अनेक सूरांत, म्हणजे अध्यायांत, विखुरलेली आहे. ‘कुन, फ-यकून’, म्हणजे ‘हो’ म्हटलं की ते होतं, हे वाक्य बऱ्याच ठिकाणी येतं (2:117, 36:82; पहिला आकडा सूरेचा, दुसरा आयतीचा, म्हणजे तिच्यातल्या वचनाचा). आकाशं आणि पृथ्वी सहा दिवसांत निर्माण झाली, हेही अनेकदा येतं (7:54, 11:7).

सर्वांत तपशीलवार भाग आहे 41:9 ते 12. पृथ्वी दोन दिवसांत. तिच्यावरचे डोंगर आणि अन्नाची तरतूद चार दिवसांत. मग आकाश, जे तेव्हा ‘दुखान’ म्हणजे धूर होतं, त्याची सात आकाशं दोन दिवसांत. इथे नवखा वाचक बेरीज करतो: दोन अधिक चार अधिक दोन, आठ. मग सहा कसे? भाष्यकारांचं रूढ उत्तर असं की ‘चार’ हा आकडा पहिल्या दोन दिवसांना धरून आहे. आपणही म्हणतो, पुण्याहून निघालो, दोन तासांत सातारा, चार तासांत कोल्हापूर. त्याचा अर्थ प्रवास सहा तासांचा झाला असा कुणी घेत नाही.

हे दिवस म्हणजे चोवीस तासांचे दिवस, असं मानायचीही गरज नव्हती. सूर्यच नाही तिथे सूर्योदय कुठला? कुरआनातच एका ठिकाणी तुमच्या प्रभूचा एक दिवस हजार वर्षांसारखा म्हटलाय (22:47), दुसऱ्या ठिकाणी पन्नास हजार वर्षांचा दिवस येतो (70:4). इतिहासकार आणि भाष्यकार तबरी (839–923) यांनी निर्मितीचे सहा दिवस प्रत्येकी हजार वर्षांचे धरले.

आजकाल एक आयत फार फिरवली जाते: आकाशं आणि पृथ्वी एकमेकांना जोडलेली होती, मग आम्ही त्यांना वेगळं केलं, आणि प्रत्येक सजीव वस्तू पाण्यापासून बनवली (21:30). हा थेट महास्फोटाचा सिद्धांत आहे, असं सांगितलं जातं. जुन्या भाष्यांत याचे एकाहून अधिक अर्थ नोंदवले आहेत. तबरींनी पसंत केलेला अर्थ पावसाचा आहे: आकाश बंद होतं, पाऊस पडत नव्हता, जमीन बंद होती, काही उगवत नव्हतं, मग दोन्ही उघडली. लगेच पुढे पाण्याचा उल्लेख आहे, म्हणून त्यांना हा अर्थ जास्त नीट बसतो असं वाटलं. विज्ञानाचा आजचा सिद्धांत आयतीत चिकटवला, तर उद्या सिद्धांत बदलल्यावर आयतीचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. जुन्या भाष्यकारांनी अनेक अर्थ शेजारी शेजारी ठेवले, त्यात मोठं शहाणपण होतं असं मला वाटतं.

कलामवाल्यांची चार पायऱ्यांची सिद्धता

श्रद्धेचा विषय तर्काने मांडणाऱ्या शास्त्राला ‘कलाम’ म्हणतात. त्यातले दोन शब्द लक्षात ठेवू. ‘कदीम’ म्हणजे ज्याला सुरुवातच नाही असं. (मोडी कागदपत्रांत जुन्या हक्कांसाठी येणारा ‘कदीम’ हाच शब्द, फक्त तिथे तो नुसता ‘पूर्वापार’ या अर्थी आहे.) ‘हादिस’ म्हणजे जे नव्हतं आणि झालं, ‘हादसा’ याच धातूचा. कलामवाल्यांना सिद्ध करायचं होतं की कदीम फक्त अल्लाह आहे आणि बाकी सगळं हादिस.

त्यासाठी त्यांनी आधी वस्तूचे तुकडे केले. प्रत्येक वस्तू अशा कणांची बनलेली, ज्यांचे पुढे तुकडे होत नाहीत. या कणाला ‘जौहर’ म्हणतात. आपलं ‘जवाहीर’ त्याचंच अनेकवचन. किती कण मिळून वस्तू होते, यावरही कडाक्याची चर्चा झाली. नवव्या शतकातले बसऱ्याचे अबुल-हुझैल म्हणाले सहा: वर-खाली, डावा-उजवा, पुढे-मागे. मुअम्मर म्हणाले आठ. कलामातल्या अशअरी पंथाने दोनवर भागवलं. हा बाल की खाल काढण्याचा प्रकार नव्हता. वस्तूचे तुकडे अनंत वेळा होऊ शकत असतील, तर जगात खरोखरची अनंत संख्या येते, आणि अल्लाहने प्रत्येक गोष्ट मोजून ठेवली आहे, असं कुरआन म्हणतो (72:28). मोजलेलं म्हणजे संपणारं.

या कणांवर रंग, चव, हालचाल, स्थिरता असे गुण बसतात. त्यांना ‘अरज’ म्हणतात. आता सिद्धता:

1. गुण खरोखर असतात, आणि ते वस्तूहून वेगळे असतात.
2. गुण हादिस असतात. हालचाल येते, जाते, तिच्या जागी स्थिरता येते.
3. कुठलीही वस्तू गुणांशिवाय नसते. ती एक तर हलते किंवा थांबलेली असते.
4. जे हादिस गोष्टींच्या आधी कधीच नव्हतं, ते स्वतःही हादिस.

म्हणून जग हादिस, आणि हादिसला घडवणारा लागतो.

यातली चौथी पायरी कच्ची आहे. समजा एका गुणाच्या आधी दुसरा, त्याच्या आधी तिसरा, अशी साखळी मागे मागे कधीच संपत नाही. मग प्रत्येक गुण हादिस असूनही ती वस्तू अनादि असू शकते. म्हणजे सिद्धता उभी राहायची तर ‘मागे न संपणारी साखळी अशक्य’ हे वेगळं दाखवावं लागतं. निशापूरचे जुवैनी (मृत्यू 1085) यांनी ते साध्या देवघेवीच्या उदाहरणाने दाखवलं. कुणी म्हणालं, ‘दिरहम दिला की नंतर दीनार देईन, दीनार दिला की नंतर दिरहम देईन’, तर ते चालू शकतं, पुढे कितीही चालू दे. पण तो म्हणाला, ‘आधी दीनार दिल्याशिवाय दिरहम देणार नाही, आणि आधी दिरहम दिल्याशिवाय दीनार देणार नाही’, तर तुमच्या हातात कधी छदामही पडणार नाही. आजचा दिवस हातात पडलाय. म्हणजे मागची साखळी कुठेतरी सुरू झालेली आहे.

अशअरी विचारात आणखी एक धीट पाऊल आहे: गुण दोन क्षण टिकत नाही. या क्षणाचा पांढरेपणा संपला, पुढच्या क्षणी अल्लाह नवा पांढरेपणा निर्माण करतो. लग्नाच्या मांडवावरची पळती रोषणाई आठवा. उजेड धावतोय असं दिसतं, प्रत्यक्षात प्रत्येक दिवा आपापल्या जागी लागतो आणि विझतो. म्हणजे निर्मिती ही एकदा होऊन गेलेली घटना उरत नाही, ती आत्ताही चालू असते.

इब्न सीना: हात आणि किल्ली

बुखाऱ्याजवळ जन्मलेले इब्न सीना (980–1037) वैद्य म्हणून जगभर माहीत आहेत. त्यांना कलामवाल्यांचा सगळा प्रश्नच चुकीच्या ठिकाणाहून सुरू झालेला वाटला. घर बांधणारा गवंडी घर बांधून मरतो, तरी घर उभं राहतं. निर्मात्याची एवढीच गरज असेल, तर जग एकदा झाल्यावर त्याला अल्लाहची गरज काय? इब्न सीना म्हणतात, गवंडी हे घराचं खरं कारण नाही. त्याने फक्त विटा हलवल्या. खरं कारण परिणामाच्या बरोबर असतं, आणि परिणाम असेपर्यंत असतं.

त्यांचं उदाहरण हात आणि किल्लीचं आहे. हात फिरला आणि किल्ली फिरली. दोन्ही एकाच क्षणी. तरी आपण म्हणतो, हात फिरला म्हणून किल्ली फिरली. उलटं कधी म्हणत नाही. हात ‘आधी’ आहे, पण हा ‘आधी’ घड्याळातला नव्हे.

यावरून त्यांनी वस्तूंचे दोन प्रकार केले. ‘मुमकिन’ म्हणजे जी असूही शकते, नसूही शकते. तिला असायला दुसऱ्याचा आधार लागतो. ‘वाजिब’ म्हणजे जिचं नसणं शक्यच नाही. (आपल्या ‘वाजवी’चं मूळ हेच, मराठीत अर्थ ‘रास्त’ झाला, अरबीत ‘अटळ’.) सगळं विश्व मुमकिन आहे, प्रत्येक क्षणी आहे. ते अनादि असलं तरी अल्लाहवरचं त्याचं अवलंबन तसूभरही कमी होत नाही. उलट ते कधी थांबलेलंच नसतं.

मग एकातून हे अनेक कसं आलं? फाराबींच्या (मृत्यू 950) आराखड्यावर इब्न सीनांनी जी मांडणी केली, तिला ‘फैज’ म्हणतात, म्हणजे ओसंडणं. नियम असा की एकातून एकच निघतं. अल्लाहपासून पहिली बुद्धी निघते. ती तीन गोष्टींचा विचार करते. मूळ कारणाचा विचार केला की त्यातून दुसरी बुद्धी निघते. त्याच्यामुळे आपण अटळ झालो, या विचारातून सर्वांत बाहेरच्या आकाशगोलाचा आत्मा. आणि आपण स्वतःहून फक्त शक्य आहोत, या विचारातून त्या गोलाचं शरीर. दुसरी बुद्धी हेच करते. असे नऊ गोल होतात: बाहेरचा रिकामा गोल, स्थिर ताऱ्यांचा गोल, मग शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. दहावी बुद्धी चंद्राखालच्या आपल्या जगाला आकार देते. नऊ गोल, दहा बुद्धी.

या यंत्राचा सांधा कुठे सुटतो, ते तत्त्वज्ञांचे टीकाकार गझाली (पुढच्या भागात ते येतीलच) यांनी अचूक पकडलं. स्थिर ताऱ्यांच्या एकाच गोलात हजारावर तारे आहेत, लहान, मोठे, वेगवेगळ्या रंगांचे. एका बुद्धीच्या तीन विचारांतून एवढी विविधता कशी आली? आणि ती आली असेल, तर ‘एकातून एकच’ हा नियम कुठे राहिला? पुढे इब्न रुश्द यांनीही, जे गझालींचे विरोधक होते, ही दहा बुद्धींची शिडी सोडून दिली.

गझालींचे दोन खजूर

अबू हामिद गझाली (1058–1111) हे जुवैनींचे शिष्य. 1091 पासून ते बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत होते. 1095 मध्ये त्यांनी तत्त्वज्ञांवर, म्हणजे फाराबी आणि इब्न सीना यांच्या वाटेने जाणाऱ्यांवर, ‘तहाफुत अल-फलासिफा’ (तत्त्वज्ञांची विसंगती) हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात 20 प्रश्न आहेत. 17 ठिकाणी तत्त्वज्ञ चुकले असं ते म्हणतात. 3 ठिकाणी मात्र त्यांचं मत थेट कुफ्र, म्हणजे धर्म नाकारणं, ठरवतात, आणि त्यातलं पहिलं म्हणजे जग अनादि मानणं. हा पहिला प्रश्न ग्रंथात सर्वांत लांब आहे.

तत्त्वज्ञांचा मुख्य आक्षेप त्यांनी प्रामाणिकपणे मांडला आहे. अल्लाहची इच्छा अनादि, सामर्थ्य पूर्ण, अडथळा कसलाच नाही. मग जग उशिरा का झालं? पुढच्या तारखेचा चेक आपण आज लिहितो आणि पैसे नंतर मिळतात, कारण ती तारीख यायची असते. (मूळ ग्रंथात उदाहरण आहे अट घालून दिलेल्या तलाकाचं.) जग नव्हतं तेव्हा कुठली तारीख यायची होती? आणि सगळे क्षण सारखेच असतील, तर हाच का निवडला?

गझालींचं उत्तर: एका माणसासमोर अगदी सारखे दोन खजूर आहेत. त्याला खायची इच्छा आहे, पण एकच घेता येतो. तो फरक शोधत बसून उपाशी राहील का? नाही, तो एक उचलेल. सारख्या दोहोंतून एक निवडणं हेच तर इच्छेचं काम. मग ते डाव उलटवतात: आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतं, उलटं का नाही? गोलावरच्या सगळ्या बिंदूंत ध्रुव म्हणून हेच दोन का? सारख्यातून निवड तुम्हालाही मानावीच लागते.

‘आधी’ या शब्दावर त्यांनी जे लिहिलंय, ते मला त्या ग्रंथातलं सर्वांत सूक्ष्म वाटतं. अल्लाह जगाच्या आधी होता, याचा अर्थ एवढाच: अल्लाह होता आणि जग नव्हतं, मग अल्लाह होता आणि जग होतं. यात तिसरी वस्तू नाही. पण आपली कल्पनाशक्ती, ‘वहम’, गप्प बसत नाही. ती लगेच तिथे एक रिकामा लांबच लांब काळ उभा करते. शेवटच्या आकाशापलीकडे काय, असं विचारलं की हीच कल्पना रिकामी जागा उभी करते. तिथे जागा नाही, हे तत्त्वज्ञांना पटतं. मग जगाआधी काळ नाही, हे का पटू नये?

तिसरा वार गणिताचा आहे. सूर्याची फेरी एक वर्षात, गुरूची बारा, शनीची तीस. साठ वर्षांत सूर्याच्या साठ फेऱ्या, गुरूच्या पाच, शनीच्या दोन. आता जग अनादि असेल, तर तिघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या. मग एक अनंत दुसऱ्याच्या तीसपट? आणि ही संख्या सम की विषम? इब्न रुश्द (1126–1198) यांनी स्पेनमधल्या कोर्दोबाहून उत्तर दिलं: गेलेल्या फेऱ्या आता कुठेही एकत्र नाहीत, म्हणून त्यांची बेरीज नावाची वस्तूच नाही, आणि सम-विषम हा भेद संपणाऱ्या संख्यांचा. आजचा गणिती म्हणेल की अनंत संचाला तीसने गुणलं तरी आकार तोच राहतो, त्यात विसंगती नाही. पण गझालींकडे एक हुकमी पान आहे, आणि ते इब्न सीनांच्याच घरातलं: मेलेल्यांचे आत्मे नष्ट होत नाहीत, असं तुम्ही मानता. जग अनादि असेल, तर अनंत आत्मे या क्षणी एकत्र आहेत. ते कसं?

इब्न रुश्द यांचा दुसरा मुद्दा तर्कापेक्षा वाचनाचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. कलामवाले म्हणतात, कुरआनाच्या शब्दांनुसार जग निव्वळ शून्यातून झालं. इब्न रुश्द म्हणतात, शब्दच बघा: आकाशं होण्याआधी सिंहासन पाण्यावर होतं (11:7), आकाश धूर होतं (41:11). अल्लाह आणि निव्वळ शून्य, असं कुठे लिहिलंय? तेव्हा अर्थ लावताय तुम्हीही. मग आम्हालाच काफिर का ठरवता?

पुन्हा त्या हदीसकडे

दमास्कसचे इब्न तैमिया (1263–1328) यांनी इम्रान यांच्या हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ते म्हणतात, बैठक एक, प्रश्न एक, म्हणजे पैगंबरांच्या तोंडून शब्दही एकच निघाला असणार. बाकीचे कथन करणाऱ्यांनी अर्थाने सांगितले. तो शब्द ‘आधी’ होता, कारण पैगंबरांच्या एका प्रार्थनेतही ‘तू पहिला आहेस, तुझ्या आधी काही नाही’ असं येतं. शिवाय यमनच्या लोकांनी विचारलं होतं ‘या’ गोष्टीबद्दल, म्हणजे समोर दिसणाऱ्या जगाबद्दल. उत्तर त्या जगाचं आहे, सगळ्यात पहिल्या निर्मितीचं नव्हे. त्यांचा निष्कर्ष: प्रत्येक निर्मित वस्तू हादिस आहे, पण अल्लाह निर्मिती करत नव्हता असा काळ कधी नव्हता. तत्त्वज्ञांचे कट्टर टीकाकार असलेले इब्न तैमिया, साखळी मागे संपत नाही, हे तत्त्वज्ञांचं म्हणणं इथे मान्य करतात. फक्त साखळीतली एकही कडी अनादि मानत नाहीत. जुवैनींचा दिरहम-दीनार इथे बाजूला पडतो.

इराणचे मुल्ला सद्रा (मृत्यू 1640) यांनी वेगळी वाट काढली: वस्तूचे नुसते गुण बदलत नाहीत, तिचं मूळ द्रव्यच सतत वाहतं. मग जग सुरू कधी झालं, हे विचारायला नको. ते प्रत्येक क्षणी नव्याने होतंय.

सूफींनी ‘आधी’ काळातून पूर्णच बाहेर काढला. इब्न अरबी (1165–1240) यांच्या मते वस्तू प्रकट होण्याआधी अल्लाहच्या ज्ञानात असतात. ‘हो’ हे त्यांना म्हटलं जातं. हा विचार सोप्या पायऱ्यांत बसवला तो आपल्या शेजारच्या खानदेशच्या राजधानीत, बुऱ्हाणपूरला (आज मध्य प्रदेशात, जळगाव जिल्ह्याला लागून). मुहंमद इब्न फजलुल्लाह बुऱ्हाणपुरी (मृत्यू 1620) यांनी 1590 मध्ये ‘तुहफा अल-मुर्सला’ ही छोटी अरबी पुस्तिका लिहिली. तिच्यात अस्तित्वाच्या सात पायऱ्या आहेत. पहिल्या तीन अल्लाहच्या आतल्या: कसलंही रूप नसलेली ‘अहदिया’, मग ‘वहदा’, जिथे अल्लाहच्या ज्ञानात सगळं एकवटलेलं असतं, मग ‘वाहिदिया’, जिथे ते ज्ञानातच वेगवेगळं होतं. पुढच्या तीन म्हणजे आत्म्यांचं जग, प्रतिमांचं जग, शरीरांचं जग. सातवी माणूस, ज्याच्यात सगळं एकत्र येतं. आणि पुस्तिका स्पष्ट बजावते: पहिल्या तीन पायऱ्यांतला आधी-नंतर बुद्धीने लावायचा आहे, काळाने नाही.

ही पुस्तिका समुद्रापार सुमात्रातल्या आचेपर्यंत पोहोचली आणि सात पायऱ्यांची मांडणी तिथे रुजली. तिथल्या काहींनी असा विचार इतका पुढे नेला की निर्मिती आणि निर्माता एकच, असा त्याचा अर्थ होऊ लागला. सुरतेजवळच्या रांदेरचे नूरुद्दीन रानीरी 1637 मध्ये आचेला गेले आणि अशा लोकांना त्यांनी काफिर ठरवलं. त्यांची पुस्तकं जाळली गेली. गोंधळलेल्या तिकडच्या विद्यार्थ्यांनी मदिनेतले विद्वान इब्राहीम कुरानी (मृत्यू 1690) यांना गळ घातली, आणि त्यांनी त्या बुऱ्हाणपुरी पुस्तिकेवर तिच्याहून कितीतरी मोठं भाष्य लिहिलं: पायऱ्या कुठे एक आहेत, कुठे वेगळ्या, आणि ‘आधी’ हा शब्द कोणत्या पायरीवर कोणत्या अर्थाने वाचायचा.